बाई, एक विचारायचं होतं : वर्गातली नाती आणि अभ्यास

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं, की मूल आधी शिकवणाऱ्या माणसाला आपलं मानतं आणि मग त्याच्या विषयाला हात घालतं. त्या वाक्यावर बरीच पत्रं आली. काहींना ते पटलं, काहींना नुसतंच गोड वाटलं, आणि साताऱ्याच्या एका काकांनी मला चांगलं खडसावलं. त्यांतली पाच पत्रं इथे घेते आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे.

मी किनवट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. नोकरीचं दुसरं वर्ष. सहावीच्या पटावर ४३ मुलं, निम्म्याहून जास्त बंजारा तांड्यावरची, काही गोंड आणि कोलाम. शिक्षण परिषदेत दर वेळी सांगतात, ‘मुलांशी नातं जोडा.’ मला ते मनापासून करायचं आहे. पण ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराच्या नोंदी, मूल्यमापनाच्या नोंदवह्या, वर पाठ्यक्रम संपवायचा. वेळ कुठून आणू? चार-पाच मुलं तर अशी आहेत, की वर्षभरात त्यांच्या तोंडून शब्द निघालेला नाही.

सर, वेगळा वेळ शोधू नका, तो मिळणार नाही. ज्या कामांत तुमचा वेळ आधीच जातो आहे, त्यांतच हे बसवायचं.

आज घरी गेल्यावर एक करा. मस्टर न बघता कोऱ्या कागदावर ४३ नावं आठवून लिहा. पहिली दहा-बारा भराभर येतील. ती हुशार मुलांची असतील किंवा दंगेखोरांची. मग हात अडखळायला लागेल. जी नावं शेवटी आली, जी आलीच नाहीत, ती तुमची यादी. तुमची न बोलणारी चार-पाच मुलं त्यात असतील असा माझा अंदाज आहे. मग प्रत्येक नावापुढे त्या मुलाबद्दल मार्कांशिवायची एखादी गोष्ट लिहा. कुणाची आजी बाळंतपणं करते, कुणाला सायकलचं पंक्चर काढता येतं, कोण दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. जिथे काहीच लिहिता येणार नाही, तिथे पुढच्या आठवड्यात लक्ष द्या.

ही माहिती लागते कशाला, ते एका उदाहरणावरून सांगते. मी पुसदच्या बाजूला तांड्यांवरच्या शाळांत शिकवलं. कापसाच्या वेचणीत पोरं शाळेतून गळायची, हे तुम्ही रोज बघत असाल. चौथीतला एक मुलगा असाच आठवडाभर गायब होऊन आला. त्याला गुणाकार येत नाही असं मी धरून चालले होते, कारण वहीत ३४ गुणिले ६ चं उत्तर त्यानं १८२४ लिहिलं होतं. तीन सख अठरा, चार सख चोवीस, दोन्ही शेजारी शेजारी मांडून मोकळा. मधल्या सुट्टीत खिचडी खाताना मी सहज विचारलं, ‘वावरात तू काय करतोस रे?’ म्हणाला, ‘याडीचं माप बघतो. तो काटेवाला कमी धरते.’ संध्याकाळी काट्यावर याडीचं, म्हणजे आईचं, गाठोडं चढलं की हा बाजूला उभा राहायचा आणि पैशांचा हिशोब तोंडी करायचा. तेव्हा किलोला सहा रुपये मिळायचे. मी विचारलं, ‘समज, याडीनं ३४ किलो वेचला, तर?’ त्यानं घास गिळला आणि सांगितलं, ‘दहाचे साठ, तिसाचे एकशे ऐंशी, वरच्या चाराचे चोवीस. दोनशे चार.’ बोट मोडलं नाही, कागद मागितला नाही.

मग मी त्याची वही त्याच्यापुढे ठेवली. ‘ह्या हिशोबानं शेतमालकानं याडीला किती दिले?’ त्यानं १८२४ कडे बघितलं, हसला, खोडरबर मागून घेतलं. त्या दिवशी त्याला हातचा समजला. चोविसातले दोन दशक पलीकडे सरकतात, हे फळ्यावर मी कितीदा तरी सांगितलं होतं. ते त्याच्यापर्यंत पोचायला याडीचं गाठोडं मधे यावं लागलं, आणि ते गाठोडं आहे हे मला त्याच्याशी बोलल्याशिवाय कळलं नसतं.

हे एकट्यादुकट्या मुलाचं नाही. ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांचा एक छोटा अभ्यास झाला होता, १९८५ साली तो प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेले हिशोब त्या मुलांनी शेकडा ९८ बरोबर सांगितले. तेच हिशोब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले, तर बरोबर आले शेकडा ३७. मुलं तीच, डोकी तीच. शाळेतल्या गणिताची त्यांच्या बाजारातल्या गणिताशी कुणी गाठ घालून दिली नव्हती. ती गाठ घालणं हे शिक्षकाचं काम, आणि त्यासाठी मूल कुठून येतं ते माहीत असावं लागतं.

आता रोजच्या कामात काय करायचं. हजेरी नंबरानं न घेता नावानं घ्या, आणि नाव घेताना मस्टरमधून मान वर करा. काल न आलेल्याला ‘का आला नाहीस’ असं दरडावू नका. म्हणा, ‘काल तू नव्हतास, आपण अपूर्णांकांची बेरीज सुरू केली, जेवणाच्या सुट्टीत शेजाऱ्याची वही बघ, मग मला एक उदाहरण करून दाखव.’ आपण नव्हतो हे सरांच्या लक्षात आलं आणि आपली जागा राखलेली आहे, हे दोन्ही त्याला एका वाक्यात कळतं. वह्या तपासताना सगळ्यांवर बरोबरच्या खुणा कराच, पण रोज पाच वह्यांत एकेक वाक्य लिहा. ‘छान’ लिहू नका, त्याचा काही उपयोग होत नाही. ‘तिसऱ्या ओळीत छेद सारखे केलेस ते बरोबर, पुढे बेरीज करताना छेदांचीही बेरीज झाली’ असं लिहा. सर आपलं अक्षर न् अक्षर वाचतात असं ज्या मुलाला कळलं, तो पुढची वही तशी लिहितो.

न बोलणाऱ्या मुलांसाठी सगळ्यात आधी थांबायला शिका. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या आसपास वर्गावर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती थांबतो. एक सेकंदाच्या आसपास! मग दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच सांगून टाकतो. तेच शिक्षक तीन सेकंद थांबायला लागले, तर उत्तरं लांब झाली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागली. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, ती मला फार लागली. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबत होते, मागे पडलेल्यांसाठी कमी. म्हणजे ज्याला वेळ हवा त्याला आपण तो देत नाही. तुमच्या वर्गात तर मुलाला प्रश्न मराठीत ऐकायचा, गोरमाटीत किंवा कोलामीत विचार करायचा आणि परत मराठीत आणायचा आहे. त्याला तीन सेकंदही पुरायचे नाहीत. गटात त्यांना त्यांच्या भाषेत खुशाल बोलू द्या. उत्तर मराठीत सांगायला गटातलं एक जण उभं राहील. मुलांच्या घरचे दहा-वीस शब्द तुम्हीही शिका, आणि ते मुलांकडूनच शिका. सरांना एखादी गोष्ट आपण शिकवतो, हा अनुभव त्या न बोलणाऱ्या पोराला मिळू द्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. आपली अंगणवाडी तिथून आली. पुढे १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरं राखायची, म्हणून त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. मुलांना नाव ठेवण्याआधी ती कुठे आहेत ते बघायला जायचं, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. तुमच्या यादीतल्या मुलांच्या तांड्यावर एका संध्याकाळी चक्कर मारून या. चहा देतील, तो घ्या.

आणि हो, कायद्यानं सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. ४३ हा आकडा तुमच्या प्रेमानं भरून काढायचा नाही. मुख्याध्यापकांना सांगून तो शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात आणा, केंद्रप्रमुखांकडे लेखी जाऊ द्या.

माझा मुलगा पहिलीत आहे. घरी काहीही सांगितलं की म्हणतो, ‘आमच्या बाई असं नाही म्हणत.’ ‘स’ची शेपटी मी काढून दाखवली, तर बाईंसारखीच हवी म्हणून रडला. मला वाईट वाटतं, आईपेक्षा बाई मोठ्या झाल्या का? – एक आई, चिपळूण

ताई, नशीबवान आहात. ज्या मुलानं बाईंना असं मनात बसवलं, त्याचं वाचन-लेखन आता तुम्ही थांबवायचं म्हटलं तरी थांबणार नाही. ‘स’ बाईंसारखाच काढू द्या. ‘बाईंनी कसा शिकवला, मला दाखव बरं,’ म्हणा आणि तुम्ही त्याच्याकडून शिका. शिकवताना त्याचा अभ्यास दुप्पट पक्का होईल. रात्री झोपताना तो तुमच्याच कुशीत येतो ना? मग काळजी कसली.

मी पिंपरीत रिक्षा चालवतो. मुलीला आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातल्या राखीव २५ टक्क्यांतून चांगल्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला. आता ती चौथीत आहे. पहिल्या दोन वर्षांत मस्त शिकत होती. आता वर्गात गटानं प्रोजेक्ट असतात, तिला कुणी गटात घेत नाही. बाकीच्या मुली एकाच सोसायटीतल्या, कुणाच्या तरी घरी जमतात. मुलगी म्हणते, ‘मला शाळेतलं काही समजत नाही.’ आधी तर समजत होतं. शाळा बदलू का?

भाऊ, शाळा बदलू नका, निदान एवढ्यात नको. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आधी समजत होतं, आता समजत नाही, म्हणजे मधे बदललं आहे ते वर्गातलं बसणं-उठणं. आपण इथे कुणाला नको आहोत असं वाटणारं मूल धड्याकडे लक्ष देऊच शकत नाही. त्याचं सगळं लक्ष मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसायचं याच्यात गेलेलं असतं. मोठ्या माणसालाही ऑफिसात असं झालं तर काम सुचत नाही, ती तर नऊ वर्षांची आहे.

त्या मुलींनाही मी दोष देणार नाही. ‘तुमचे तुम्ही गट करा’ असं शिक्षकानं म्हटलं, की सोसायटी जशीच्या तशी वर्गात येऊन बसते. गट शिक्षकानंच पाडायला हवेत, आणि काम असं द्यायला हवं की गटातल्या प्रत्येकाशिवाय दुसऱ्याचं अडेल.

याची एक चांगली रीत आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात ऑस्टिन शहरातल्या शाळांत गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन घरांतल्या मुलांना एका वर्गात आणलं गेलं, आणि वर्गावर्गांत तणाव पेटला. १९७१ साली एलियट ॲरन्सन हे मानसशास्त्रज्ञ तिथे मदतीला गेले. त्यांना दिसलं, की वर्गात सतत चढाओढ आहे. शिक्षक प्रश्न विचारतो, सहा हात वर होतात, एकाचं उत्तर घेतलं की बाकीचे हिरमुसतात, आणि ज्याला येत नाही त्याला सगळे हसतात. त्यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. तो त्यानं नीट वाचायचा, इतर गटांत ज्यांना तोच तुकडा मिळालाय त्यांच्याबरोबर बसून पक्का करायचा, आणि मग आपल्या गटात येऊन शिकवायचा. परीक्षा सगळ्या धड्यावर. आता ज्या मुलाची टिंगल होत होती, त्याचं नीट ऐकून घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. थोड्याच दिवसांत मुलं त्याला प्रश्न विचारून बोलतं करायला लागली, कारण गरज त्यांची होती.

तुमच्या मुलीच्या वर्गात हे सहज करता येईल. चौथीला आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमात शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. आग्र्याच्या सुटकेचा धडा घ्या. पाच मुलांचा गट. एकीकडे १६६५ चा पुरंदरचा तह, दुसऱ्याकडे आग्र्याच्या दरबारातला प्रसंग, तिसरीकडे नजरकैद, चौथीकडे मिठाईचे पेटारे, पाचव्याकडे परतीचा प्रवास. पेटाऱ्यांचा तुकडा तुमच्या मुलीकडे असला, तर तिनं सांगितल्याशिवाय त्या गटाचे महाराज आग्र्यातून सुटतच नाहीत! तिला मानानं ऐकतील, आणि आधी दुसऱ्या गटांतल्या मुलांबरोबर तयारी झालेली असल्यानं तिला उभं राहायची भीतीही वाटणार नाही.

वर्गशिक्षिकेला भेटायला जाताना तक्रार घेऊन जाऊ नका. रिक्षाची पाळी सोडून आलात हे त्यांनाही दिसेल. एवढंच मागा : गट तुम्ही पाडा, प्रोजेक्ट शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या साहित्यात होऊ द्या, बाकांवरच्या जागा दर महिन्याला बदला. माझा अनुभव असा आहे, की बहुतेक बाईंना हे कुणी नीट सांगितलं तर त्या करतात. त्यांच्याही डोळ्यांसमोर चाळीस मुलं असतात. नाहीच ऐकलं तर मुख्याध्यापकांकडे जा. २५ टक्क्यांतून आलेल्या मुलांना वर्गात वेगळं पाडायचं नाही, हे शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांतच आहे. पण ते शेवटी काढा.

आणि एक काम तुमच्या घरचं. वर्गातली एखादी मुलगी तिच्याशी थोडी तरी बोलत असेल, तिला एका रविवारी घरी बोलवा. घर लहान आहे असं मनात आणू नका. नऊ वर्षांच्या मुलीला पोहे, खेळ आणि बाबांच्या रिक्षातून एक फेरी एवढं पुष्कळ असतं. वर्गात एक जण आपलं झालं, की बाकीचे वीस जण सोसतात.

मी ७८ वर्षांचा, साताऱ्याजवळच्या खेड्यातला. तुमचं लिखाण वाचून राग आला. आमच्या गुरुजींनी हातावर छड्या मारल्या म्हणून आमचे तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्ध्या, दिडाचे पाढे) अजून पाठ आहेत. नातं वगैरे काही नव्हतं, धाक होता. तो गेला आणि शिक्षण बुडालं. यावर काय म्हणणं आहे?

काका, रागावून का होईना, लिहिलंत, बरं वाटलं. तुमच्या पत्रात मला एक गोष्ट दिसली, ती आधी विचारते. तुम्ही पुढे लिहिलं आहे, की गुरुजी रात्री गावातून फेरी मारायचे आणि कुणाच्या घरात दिवा लावून अभ्यास चाललाय ते दारातून बघायचे. तुमच्या वडिलांचं आजारपण निघालं तेव्हा फी त्यांनीच भरली. मग नातं नव्हतं असं कसं म्हणता? जो माणूस रात्रीच्या अंधारात तुमच्या दारापर्यंत यायचा, त्याच्यासाठी तुम्ही पाढे पाठ केले. छडी त्याच माणसाच्या हातात होती, म्हणून पाढ्यांचं श्रेय तिला मिळालं.

दुसरं विचारते. पहिलीला तुमच्याबरोबर किती पोरं होती, आणि सातवीच्या परीक्षेला किती बसली? जी मधेच गेली, त्यांतली कितीतरी छडीला भिऊन गुरांमागे गेली. त्यांना पाढे आले नाहीत आणि ती मासिकाला पत्रंही लिहीत नाहीत. छडीनं शिकलेले आपल्याला दिसतात, छडीनं पळालेले दिसत नाहीत. मी ज्या तांड्यांवर होते तिथे ही पळालेली मुलं मला बाप झालेली भेटत. स्वतःचं पोर शाळेच्या दारात सोडून तिथूनच परत फिरत, आत येत नसत. इतक्या वर्षांनी!

भीतीनं पाठांतर होतं, हे मी मान्य करते. पण भ्यालेलं मूल शंका विचारत नाही. समजलं नाही तरी मान डोलावतं, शेजाऱ्याचं बघून लिहितं, आणि आपल्यावर नंबर येऊ नये एवढंच बघत बसतं. दिडकी पाठ होईल, पण दिडकी कशाला लागते ते विचारायला त्याची जीभ रेटणार नाही. शिक्षणहक्क कायद्यानं कलम १७ खाली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला, १ एप्रिल २०१० पासून तो कायदा लागू आहे. मला त्यात काही गमावलं असं कधीच वाटलं नाही.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत होते, छात्रालयही सांभाळत. मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, हातानं लिहून छात्रालयाचं दैनिक काढत. ज्या मुलाची खोली गुरुजींनी झाडली, त्याला दुसऱ्या दिवशी खोली घाण ठेवायची लाज वाटे. तो धाकच होता, काका, फार मोठा धाक.

आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी. ते मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एकटाच वाचत बसणारा एक मुलगा त्यांना दिसायचा. मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हताच, तो एल्फिन्स्टन हायस्कूलचा. त्या शाळेत त्याला एकदा फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर त्याचा स्पर्श होईल म्हणून पोरांनी धावत जाऊन फळ्यामागचे आपापले डबे काढून घेतले होते. केळुसकरांनी त्याची चौकशी केली, वाचायला पुस्तकं दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हाच्या सत्कारसभेत आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं, आणि पुढच्या शिक्षणाला पैसे नाहीत म्हटल्यावर सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. भीमराव आंबेडकरांची बुद्धी त्यांची स्वतःची होती, वडिलांनी रात्र रात्र जागून अभ्यास करून घेतला होता. पण वर्ग ज्याला दूर ढकलत होता, त्याच्याशी बागेत येऊन बोलणारा एक शिक्षक भेटला, याची किंमत मी फार मोठी मानते.

शिस्त हवी, याबाबत मी पूर्ण तुमच्याकडून आहे. गृहपाठ झाला नाही तर माझ्या वर्गात तो सुट्टीत बसून करावा लागे, आणि मी शेजारी बसे. ‘जमेल तेवढं कर’ असं मी कुणाला म्हणत नसे, गरिबाच्या पोराला तर मुळीच नाही. त्याच्याकडून कमी अपेक्षा ठेवणं हा त्याचा अपमान आहे.

मी धडगाव तालुक्यातला, आश्रमशाळेतून शिकलो. बारावीला चांगले मार्क होते, आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, राहिला. रोज रात्री दोनपर्यंत एकटा अभ्यास करतो. वर्गात सगळ्यांचे ग्रुप पडलेत, सगळे इंग्रजीत बोलतात. सरांना शंका विचारायला भीती वाटते. माझी कुवतच नाही का?

बाळा, धडगावहून आश्रमशाळेच्या जोरावर पुण्यापर्यंत आलास, कुवतीचा प्रश्न तिथेच संपला. तुझ्या अभ्यासाची रीत मात्र बदलायला हवी.

तुझ्यासारखंच एक उदाहरण आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइझमन नावाच्या तरुण गणितज्ञाला दिसलं, की कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये फार नापास होतात. लोक म्हणायचे, यांची तयारी कच्ची, घरची परिस्थिती वाईट, कष्ट कमी पडतात. ट्राइझमन त्यांच्या खोल्यांवर गेले, महिनोन् महिने सोबत राहून बघितलं. मुलं भरपूर कष्ट करत होती, फक्त एकेकटी. अभ्यास वेगळा आणि दोस्त वेगळे. चिनी घरांतले विद्यार्थी आधी एकटे उदाहरणं सोडवत, मग संध्याकाळी जेवणाला जमत आणि एकमेकांच्या वह्या तपासत. कुणी कुठे अडकलं तर लगेच कळे. जे उदाहरण कुणालाच आलं नाही, ते अवघडच असणार हेही कळे. एकट्या मुलाला मात्र वाटे, की आपल्यालाच येत नाही.

ट्राइझमन यांनी मग या मुलांसाठी कच्च्यांचे जादा वर्ग काढले नाहीत. अवघड उदाहरणं एकत्र बसून सोडवायची कार्यशाळा सुरू केली. नापास होणं झपाट्यानं कमी झालं.

तू रात्री दोनला एखाद्या इंटिग्रेशनवर अडकतोस, तेव्हा नेमकं हेच होतं. तिथे कुणी ‘अरे, अधिक-उण्याचं चिन्ह चुकलंय’ म्हणणारं नाही. तू तासभर शोधतोस, मग झोपतोस आणि मनाशी म्हणतोस, मला जमत नाही.

मोठ्या ग्रुपमध्ये शिरायची धडपड करू नकोस. एम-वन राहिलेली दोन मुलं शोध, खूप असतील. होस्टेलवर कुणी मराठी माध्यमाचा असेल, तुझ्यासारखाच गप्प. आठवड्यातून दोनदा भेटायचं ठरवा. आधी प्रत्येकानं तीच पाच उदाहरणं एकट्यानं करायची, मग वह्या अदलाबदल करायच्या. मराठीत बोला, पावरीत बोला, संज्ञा तेवढ्या इंग्रजीत राहू द्या. पेपर इंग्रजीत लिहायचाय, समजून घ्यायला भाषेची अट नाही.

आणि सरांकडे जा. तुमच्या कॉलेजात टीचर गार्डियन नेमून दिलेले असतील, त्यांच्याकडेही. भीती वाटते कारण ‘मला काही समजलं नाही’ एवढंच घेऊन जायची वेळ येते. त्यापेक्षा एक उदाहरण वहीत जिथपर्यंत आलं तिथपर्यंत स्वच्छ लिही, अडलेल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मार, आणि लेक्चर संपल्यावर सरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हण, ‘सर, इथपर्यंत आलो, ह्या ओळीनंतर पुढे जमेना.’ त्या रेघेवर बोट ठेवल्यावर वही बाजूला सारणारा शिक्षक मी तरी फारसा बघितलेला नाही. एकानं सारली तर दुसऱ्याकडे जा. दुसऱ्या वेळी गेलास की तुझं नाव विचारतील, तिसऱ्या वेळी नावानं बोलावतील. मग वर्गात हात वर करणं सोपं जाईल.